युस्टुस फॉन लीबिग

युस्टुस फॉन लीबिग (जन्म: १२ मे १८०३, डार्मष्टाट, मृत्यू: १८ एप्रिल १८७३, म्युनिक) हे एकोणिसाव्या शतकातील अग्रगण्य जर्मन रसायनशास्त्रज्ञ होते. सेंद्रिय पदार्थांच्या विश्लेषणाची सोपी व भरवशाची पद्धत, विद्यार्थ्यांना हाताने काम करायला लावणारी प्रयोगशाळा आणि खनिज खतांचा सिद्धान्त या तीन गोष्टींसाठी त्यांचे नाव विज्ञानाच्या इतिहासात कायमचे नोंदले गेले आहे. शाळा-महाविद्यालयांतील विद्यार्थ्यांना ते ऊर्ध्वपातनाच्या प्रयोगातील लीबिग शीतकामुळे ठाऊक असतात. गंमत अशी की या उपकरणाची मूळ कल्पना त्यांची नव्हे. त्यांनी ते केवळ लोकप्रिय केले.

त्यांच्या कार्याचा आणखी एक भाग आज तुलनेने विस्मरणात गेला आहे. स्नायू काम करतात तेव्हा ते कशाच्या बळावर करतात, या प्रश्नाचे रासायनिक उत्तर देण्याचा पहिला मोठा प्रयत्न लीबिग यांनी केला. स्नायूंचे इंधन म्हणजे खुद्द स्नायूंतील प्रथिन, असे ते उत्तर होते. ते चुकीचे निघाले. तरीही श्रम करणाऱ्या माणसाने व खेळाडूने भरपूर मांस खावे, प्रथिनाची पूड घ्यावी, अमिनो आम्लांच्या गोळ्या घ्याव्यात या समजुतींच्या मुळाशी गेले असता वाट बऱ्याचदा लीबिग यांच्यापाशी येऊन पोहोचते.

बालपण व शिक्षण

लीबिग यांचा जन्म हेसे-डार्मष्टाट या छोट्या संस्थानाच्या राजधानीत झाला. वडील योहान गेओर्ग लीबिग हे रंग, रोगण व तत्सम रासायनिक मालाचे व्यापारी होते. यांपैकी काही माल ते स्वतःच्या लहानशा कार्यशाळेत तयार करीत. मुलाला रसायनांची पहिली ओळख तेथेच झाली. १८१५ मध्ये इंडोनेशियातील तांबोरा ज्वालामुखीचा उद्रेक झाला आणि पुढच्या वर्षी युरोपात उन्हाळा जवळजवळ आलाच नाही. पिके बुडाली आणि अनेक ठिकाणी उपासमार झाली. लीबिग त्या वेळी तेरा वर्षांचे होते. पुढे त्यांनी आयुष्यातील कितीतरी वर्षे अन्न आणि शेती या विषयांना वाहिली. त्यामागे या वर्षाची आठवण असावी, असे त्यांचे काही चरित्रकार मानतात.

शाळेत त्यांची प्रगती यथातथाच होती. लॅटिन-ग्रीकच्या पाठांतरात त्यांचे मन रमत नसे. शालेय शिक्षण अर्धवट सोडून ते हेपेनहाइम येथील एका औषधविक्रेत्याकडे उमेदवारीस राहिले, पण काही महिन्यांतच घरी परतले. स्फोटक पदार्थाचा प्रयोग करताना छप्पर उडाले म्हणून त्यांना घालवून देण्यात आले, अशी कथा प्रसिद्ध आहे. मात्र वडिलांना उमेदवारीचे शुल्क भरणे जमले नाही, हे कारण इतिहासकारांना अधिक संभवनीय वाटते.

१८२० मध्ये ते बॉन विद्यापीठात प्राध्यापक कास्टनर यांचे विद्यार्थी झाले आणि त्यांच्यामागोमाग एर्लांगेनला गेले. तेथील विद्यार्थी संघटनेच्या भांडणात सापडल्यामुळे त्यांना शहर सोडावे लागले. सुदैवाने हेसेचे ग्रँड ड्यूक लुडविग पहिले यांनी शिष्यवृत्ती दिली आणि १८२२ च्या अखेरीस लीबिग पॅरिसला पोहोचले. रसायनशास्त्राचे खरे शिक्षण त्यांना येथे मिळाले. थेनार, द्युलाँ आणि विशेषतः गे-ल्युसाक यांच्याकडे त्यांनी मोजमापावर उभे असलेले रसायनशास्त्र शिकून घेतले. चांदीच्या फल्मिनेटवरील त्यांचे संशोधन १८२३ मध्ये फ्रेंच विज्ञान अकादमीपुढे मांडले गेले, तेव्हा आलेक्झांडर फॉन हुम्बोल्ट यांचे लक्ष या वीस वर्षांच्या तरुणाकडे गेले. हुम्बोल्ट यांच्या शिफारशीमुळे १८२४ मध्ये, वयाच्या एकविसाव्या वर्षी, गीसेन या लहान गावातील विद्यापीठात लीबिग प्राध्यापक झाले. १८२६ मध्ये हेन्रिएट मोल्डेनहाउअर यांच्याशी त्यांचा विवाह झाला. त्यांना पाच अपत्ये झाली.

गीसेनची प्रयोगशाळा

गीसेनमध्ये त्यांना मिळालेली जागा म्हणजे सैनिकांच्या पहाऱ्याची एक जुनी इमारत होती. तेथे उभी राहिलेली प्रयोगशाळा पुढे साऱ्या युरोपचा आदर्श ठरली. त्या काळी बहुतेक ठिकाणी प्राध्यापक प्रयोग करून दाखवीत आणि विद्यार्थी पाहत. गीसेनमध्ये प्रत्येक विद्यार्थ्याला आधी ठरावीक पदार्थांचे विश्लेषण स्वतः करावे लागे आणि ते जमले की त्याच्या हाती एखादा नवा, उत्तर ठाऊक नसलेला प्रश्न दिला जाई. जर्मनीबरोबरच इंग्लंड, फ्रान्स व अमेरिकेतूनही विद्यार्थी येऊ लागले. गीसेनमधील अठ्ठावीस वर्षांत सातशेहून अधिक विद्यार्थी लीबिग यांच्या हाताखालून गेले. आउगुस्ट विल्हेल्म हॉफमान, आउगुस्ट केकुले, शार्ल व्युर्त्झ, अलेक्झांडर विल्यमसन, लायन प्लेफेअर ही नावे रसायनशास्त्राच्या विद्यार्थ्याला नव्याने सांगावी लागत नाहीत.

हे शक्य झाले ते १८३१ मध्ये त्यांनी तयार केलेल्या एका साध्या काचेच्या उपकरणामुळे. पाच फुगे असलेल्या या त्रिकोणी नळीत पालाशाचे द्रावण भरलेले असे. पदार्थ जाळल्यावर निघणारा कार्बन डायऑक्साइड या द्रावणात शोषला जाई आणि नळीच्या वाढलेल्या वजनावरून पदार्थातील कार्बन कळे. पूर्वी हे काम नाणावलेल्या शास्त्रज्ञांनाही फार वेळ घेई. आता शिकाऊ विद्यार्थीही ते करू लागला. अमेरिकन केमिकल सोसायटीच्या बोधचिन्हात या नळीची आकृती आहे.

फ्रीड्रिख व्होलर यांच्याशी लीबिग यांची मैत्री वादातून जन्मली. लीबिग यांच्या फल्मिनेटचे आणि व्होलर यांच्या सायनेटचे घटक अगदी सारखेच निघाले, पण गुणधर्म पूर्णपणे वेगळे होते. आधी दोघांनाही दुसऱ्याचे विश्लेषण चुकले असे वाटले. मग दोन्ही बरोबर असल्याचे सिद्ध झाले आणि समघटकतेची संकल्पना पुढे आली. १८३२ मध्ये व्होलर यांच्या पत्नीचे निधन झाले, तेव्हा लीबिग यांनी मित्राला गीसेनला बोलावून घेतले आणि दोघांनी मिळून कडू बदामाच्या तेलावर काम केले. बेन्झॉइल मूलकाचा प्रसिद्ध शोध त्या दुःखाच्या काळातला आहे. त्याच वर्षी लीबिग यांच्या संपादनाखाली सुरू झालेले औषधनिर्माणशास्त्राचे नियतकालिक पुढे रसायनशास्त्राचे प्रमुख नियतकालिक बनले.

शेती आणि खते

१८३७ मध्ये लीबिग ब्रिटनला गेले व लिव्हरपूल येथे भरलेल्या ब्रिटिश विज्ञानवर्धक संस्थेच्या अधिवेशनास उपस्थित राहिले. त्यानंतर १८४० मध्ये शेती व शरीरक्रिया यांतील सेंद्रिय रसायनशास्त्राच्या उपयोगावरील त्यांचा ग्रंथ प्रसिद्ध झाला. वनस्पतींचे पोषण जमिनीतील कुजलेल्या पदार्थांतून होते हा तेव्हाचा समज त्यांनी मोडून काढला. वनस्पती कार्बन हवेतून घेतात आणि जमिनीतून पालाश, स्फुरद, चुना यांसारखी खनिजे घेतात. पीक काढून नेले की ही खनिजे जमिनीला परत दिली पाहिजेत, असे त्यांचे प्रतिपादन होते. सर्वांत कमी असलेला घटक पिकाची मर्यादा ठरवतो हा किमान घटकाचा नियम त्यांच्या नावाने ओळखला जातो; तो कार्ल श्प्रेंगेल यांनी आधीच मांडला होता.

सिद्धान्त बरोबर असूनही स्वतः लीबिग यांचे खत मात्र फसले. पावसाने वाहून जाऊ नये म्हणून त्यांनी ते न विरघळणारे केले होते; परिणामी ते पिकालाही मिळेना. पिकाला लागणारा नत्र पावसाबरोबर येणाऱ्या अमोनियातून पुरेसा मिळतो, हे त्यांचे मतही रॉथमस्टेड येथील लॉज व गिल्बर्ट यांच्या शेतावरील प्रयोगांनी खोडून काढले. लीबिग यांच्या कामाची एक पद्धतच येथे दिसते. प्रयोगशाळेतील अचूक विश्लेषणापासून ते आरंभ करीत आणि तर्काच्या एकाच झेपेत शेतापर्यंत किंवा शरीरापर्यंत पोहोचत. मधली पायरी तपासण्याचे काम बहुधा दुसऱ्यांना करावे लागे.

स्नायूंच्या शक्तीचा सिद्धान्त

१८४२ मध्ये लीबिग यांचा प्राणिरसायनावरील ग्रंथ प्रसिद्ध झाला. अन्नाचे त्यांनी दोन वर्ग केले. पहिला वर्ग नत्रयुक्त पदार्थांचा, म्हणजे आजच्या भाषेत प्रथिनांचा. प्रथिन हा शब्द ज्यावरून आला तो मूळ शब्द त्याआधी चारच वर्षे, १८३८ मध्ये, डच रसायनशास्त्रज्ञ मुल्डर यांनी बर्झेलियस यांच्या सूचनेवरून छापात आणला होता. दुसरा वर्ग स्निग्ध पदार्थ, पिष्ट व साखर यांचा. पहिल्या वर्गातून शरीराची घडण होते, तर दुसरा वर्ग श्वासाबरोबर घेतलेल्या ऑक्सिजनने जळून केवळ उष्णता देतो, अशी ही मांडणी होती.

येथपर्यंत फारसा आक्षेप घेण्यासारखे काही नव्हते. लीबिग यांनी मात्र पुढचे पाऊल टाकले. स्नायू प्रथिनाचे बनलेले आहेत. स्नायू आकुंचन पावतो तेव्हा त्यातील थोडे प्रथिन विघटित होते आणि त्यातूनच हालचालीची शक्ती निर्माण होते. विघटित प्रथिनातील नत्र युरियाच्या रूपाने मूत्रावाटे बाहेर पडतो. यावरून दोन निष्कर्ष निघत होते. माणसाने किती श्रम केले हे त्याच्या मूत्रातील युरिया मोजून सांगता यावे, आणि जितके श्रम अधिक तितके प्रथिनयुक्त अन्न त्याला अधिक लागावे.

संपूर्ण मांडणी इतकी सुटसुटीत होती की ती खरी असावी असे कोणालाही वाटावे. या सिद्धान्तासाठी लीबिग यांनी श्रम करणाऱ्या माणसावर किंवा जनावरावर स्वतः प्रयोग केले नव्हते. वृद्ध बर्झेलियस यांनी कागदावर लिहिलेले शरीरविज्ञान अशा अर्थाची टीका केली आणि दोघांची जुनी मैत्री त्यानंतर संपुष्टात आली. पण लीबिग यांचा दबदबा मोठा होता. वृत्तपत्रातून प्रसिद्ध झालेली त्यांची रसायनशास्त्रावरील पत्रे सामान्य वाचकांपर्यंत पोहोचली होती. तुरुंग, सैन्य व अनाथालयांच्या आहाराचा विचार होताना अन्नाचे मोल त्यातील नत्रावरून ठरवण्याची प्रथा पडली. इंग्लंडमध्ये नौकास्पर्धांची तयारी करणारे विद्यार्थी गोमांसावर भर देत असत. ही रूढी लीबिग यांच्याहून जुनी होती, पण आता तिला विज्ञानाचा आधार मिळाला.

मांसाचे रसायन

१८४६ मध्ये लीबिग यांनी चीजमधील प्रथिन पालाशाबरोबर वितळवून एक नवा स्फटिकरूप पदार्थ मिळवला आणि चीजला असलेल्या ग्रीक शब्दावरून त्याला टायरोसिन हे नाव दिले. प्रथिनांच्या घटकांपैकी, म्हणजे अमिनो आम्लांपैकी, हे सुरुवातीला सापडलेल्यांतील एक होय. ल्युसिन त्यापूर्वी फ्रान्समध्ये सापडले होते. ही आम्ले प्रथिनाच्या विटा आहेत हे कळायला मात्र अजून बराच अवधी होता. प्रथिनांत नेहमी आढळणाऱ्या वीस अमिनो आम्लांची यादी १९३५ मध्ये थ्रिओनिनच्या शोधाने पूर्ण झाली.

त्यानंतर लीबिग यांनी मांसरसाचे विश्लेषण हाती घेतले. १८४७ मध्ये प्रसिद्ध झालेले हे संशोधन त्यांच्या उत्तम कामांपैकी एक आहे. फ्रेंच रसायनशास्त्रज्ञ शेव्हरल यांनी १८३२ मध्ये मांसाच्या रस्स्यातून क्रिएटिन नावाचा पदार्थ वेगळा केला होता, पण इतरांना तो नेहमी सापडत नसल्यामुळे त्याच्या अस्तित्वाविषयीच शंका होती. लीबिग यांनी अनेक प्राण्यांच्या मांसात तो दाखवून दिला, त्यापासून सार्कोसिन तयार केले आणि मांसरसातून इनोसिनिक आम्लही मिळवले. एक निरीक्षण विशेष लक्षवेधी होते. शिकारीत पाठलाग करून मारलेल्या कोल्ह्याच्या मांसात, बंदिस्त ठेवून पोसलेल्या कोल्ह्याच्या मांसापेक्षा क्रिएटिन दहापट आढळले. क्रिएटिनचा स्नायूंच्या कामाशी काही संबंध आहे, असा तर्क त्यांनी यावरून केला. पुरावा तोकडा होता, पण दिशा चुकलेली नव्हती.

मांस शिजवण्याविषयीही त्यांनी उपदेश केला. आधी प्रखर आचेवर मांसाचा पृष्ठभाग कडक केल्यास रस आत कोंडला जातो, हे त्यांचे मत पाकशास्त्राच्या पुस्तकांतून पिढ्यान्पिढ्या छापले गेले. प्रत्यक्षात रस तसा कोंडला जात नाही.

म्युनिक आणि मांससत्त्वाचा व्यवसाय

१८४५ मध्ये लीबिग यांना सरदारकी मिळाली. १८५२ मध्ये बव्हेरियाचा राजा माक्सिमिलियान दुसरा याच्या निमंत्रणावरून ते म्युनिकला गेले. विद्यार्थ्यांना प्रयोगशाळेत शिकवण्याच्या कामातून त्यांनी तेथे सुटका करून घेतली. प्रकृतीही पूर्वीसारखी राहिली नव्हती. त्यांची संध्याकाळची जाहीर व्याख्याने दरबारी मंडळींतही लोकप्रिय झाली. १८५३ मधील अशाच एका व्याख्यानात कार्बन डायसल्फाइडच्या प्रयोगात काचेचे भांडे फुटून राजघराण्यातील प्रेक्षकांना जखमा झाल्या. व्याख्याने मात्र चालूच राहिली. १८५९ मध्ये ते बव्हेरियन विज्ञान अकादमीचे अध्यक्ष झाले. आरशांना पाऱ्याऐवजी चांदीचा मुलामा देण्याची त्यांची पद्धतही याच काळात कारखान्यात नेण्याचे प्रयत्न झाले. पाऱ्याच्या वाफेने कारागीर आजारी पडत, हे त्यामागचे एक कारण होते.

याच काळात त्यांच्या घरी पाहुणी आलेली इंग्रज मित्राची मुलगी आजारी पडली. तिला काही पचेना, म्हणून लीबिग यांनी मांसाचा पातळ अर्क तयार करून दिला व ती बरी झाली. लीबिग यांचे नाव मांसाच्या अर्काशी जोडले जाण्यास अशा घटनाही कारणीभूत झाल्या. घट्ट मांससत्त्वाची कृती तर त्यांनी १८४७ च्या संशोधनाबरोबरच दिली होती. एक किलो सत्त्वासाठी सुमारे तीस किलो मांस लागे. युरोपातील भावाने ते परवडणारे नव्हते. दक्षिण अमेरिकेत मात्र गुरे चामड्यासाठी व चरबीसाठी मारली जात आणि मांस वाया जाई. गेओर्ग गीबर्ट या जर्मन अभियंत्याने हे हेरले व लीबिग यांच्या संमतीने उरुग्वेमधील फ्राय बेंटोस येथे कारखाना काढला. १८६५ मध्ये लंडनमध्ये लीबिग यांच्या नावाची कंपनी स्थापन झाली. कंपनीच्या मालाची तपासणी करून त्यावर आपले नाव घालू देणे हे लीबिग यांचे काम होते आणि त्याबद्दल त्यांना मोबदला मिळे.

वैज्ञानिकाचे नाव आणि विक्रीचा माल यांची अशी सांगड पुढील काळात नेहमीची झाली; त्या वेळी ती नवीन होती. सत्त्वातून चरबी आणि विरघळणारी प्रथिने काढून टाकलेली असत. ती काढली नाहीत तर माल नासे. म्हणजे ज्या घटकाला लीबिग स्नायूंचे इंधन मानत होते, तोच घटक या सत्त्वात जवळजवळ नव्हता. जर्मन व इंग्रज वैद्यांनी हे लगेच दाखवून दिले. लीबिग यांनी हळूहळू आपली भूमिका बदलली. सत्त्व हे मांसाची जागा घेणारे अन्न नसून चहा-कॉफीप्रमाणे तरतरी देणारा व इतर अन्नाला पूरक असा पदार्थ आहे, असे ते सांगू लागले. बरण्यांचा खप मात्र त्यांवरील नावामुळे वाढतच गेला. १८६५ मध्येच त्यांनी आईचे दूध न मिळणाऱ्या बाळांसाठी गव्हाचे पीठ, माल्ट, गाईचे दूध व पोटॅशियम बायकार्बोनेट यांचे पेयही सुचवले. तेही वादग्रस्त ठरले, पण तयार शिशुआहाराच्या उद्योगाची सुरुवात त्यातून झाली.

फाउलहॉर्नचा चढ

युरियाविषयीच्या भाकिताची परीक्षा १८६० च्या सुमारास सुरू झाली. कार्ल फोइट यांनी म्युनिकमध्येच, म्हणजे लीबिग यांच्या शेजारीच, एका कुत्र्याला चाकात पळवले आणि श्रमाने नत्राचे उत्सर्जन जवळजवळ वाढत नाही असे त्यांना आढळले. फोइट हे लीबिग यांचे चाहते असल्यामुळे त्यांनी सिद्धान्त सोडून देण्याऐवजी त्यात दुरुस्ती शोधली. इंग्लंडमध्ये एडवर्ड स्मिथ यांनी तुरुंगात पायचक्की चालवणाऱ्या कैद्यांची तपासणी केली. त्यांच्या श्वासातील कार्बन डायऑक्साइड श्रमाने बराच वाढला, परंतु युरिया वाढला नाही.

निर्णायक घाव घातला तो झुरिकमधील दोघांनी. शरीरक्रियाशास्त्रज्ञ आडोल्फ फिक आणि रसायनशास्त्रज्ञ योहानेस व्हिस्लिसेनुस यांनी स्वतःवरच प्रयोग करायचे ठरवले. २९ ऑगस्ट १८६५ च्या दुपारपासून त्यांनी नत्रयुक्त अन्न बंद केले. पिष्टाच्या चरबीत तळलेल्या वड्या आणि साखर घातलेला चहा यांवर ते राहिले. ३० ऑगस्टला पहाटे ब्रिएन्झ सरोवराच्या काठावरून निघून ते फाउलहॉर्न हे शिखर चढले. चढ त्यांच्या हिशेबाने १९५६ मीटरचा होता व त्याला सुमारे आठ तास लागले. चढण्यापूर्वीच्या, चढतानाच्या व नंतरच्या विश्रांतीतील मूत्र वेगवेगळे साठवण्यात आले. संध्याकाळी दोघांनी मांसाचे पोटभर जेवण घेतले आणि त्यानंतरच्या रात्रीचाही हिशेब ठेवला.

आकडेमोड शाळकरी मुलालाही करता येण्याजोगी आहे. साहित्यासह फिक यांचे वजन ६६ किलो होते. ते १९५६ मीटर वर नेण्यासाठी १,२९,०९६ किलोग्रॅम-मीटर कार्य झाले. व्हिस्लिसेनुस यांचे वजन ७६ किलो आणि कार्य १,४८,६५६ किलोग्रॅम-मीटर. मूत्रातील नत्रावरून काढलेले विघटित प्रथिन प्रत्येकी सुमारे ३७ ग्रॅम भरले. एवढे प्रथिन जळून किती ऊर्जा मिळते हे तोपर्यंत कोणी नीट मोजले नव्हते. फिक यांचे मेहुणे, इंग्रज रसायनशास्त्रज्ञ एडवर्ड फ्रँकलंड यांनी ते १८६६ मध्ये उष्णतामापकात मोजले. युरियाबरोबर वाया जाणारा भाग वजा करता ३७ ग्रॅम प्रथिनातून फार तर ६९,००० किलोग्रॅम-मीटर मिळू शकत होते. म्हणजे नुसते शरीर वर उचलण्याच्या कार्याचाही जेमतेम निम्मा भाग. हृदयाचे ठोके, श्वासोच्छ्वास, पावलोपावली वाया जाणारे श्रम हे सारे त्यात धरलेलेच नव्हते, आणि स्नायू मिळालेल्या ऊर्जेपैकी थोडाच भाग कार्यात बदलू शकतो हाही विचार त्यात नव्हता. उरलेली शक्ती पिष्ट आणि चरबी यांतूनच आलेली असणार. लीबिग यांनी ज्यांना केवळ उष्णतेचे साधन मानले होते, तेच स्नायूंचे मुख्य इंधन निघाले. त्याच सुमारास पेटेनकोफर व फोइट यांनी श्वसनकक्षात माणसाला ठेवून केलेल्या प्रयोगांचे निष्कर्षही याच बाजूचे होते. पेटेनकोफर हेही एके काळी गीसेनमध्ये लीबिग यांच्या हाताखाली काम केलेले.

लीबिग यांचे उत्तर १८७० मध्ये आले. किण्वन आणि स्नायूंच्या शक्तीचा उगम या दोन विषयांवरील प्रदीर्घ लेखात त्यांनी एकीकडे पाश्चर यांच्याशी वाद घातला आणि दुसरीकडे युरिया हे स्नायूंच्या कामाचे माप नाही हे मान्य केले. मात्र शक्तीचा उगम स्नायूंतील नत्रयुक्त पदार्थातच असावा, ही मूळ कल्पना त्यांनी पूर्णपणे सोडली नाही. सदुसष्टाव्या वर्षी, प्रकृती ढासळलेली असताना, स्वतःच्या सर्वांत महत्त्वाच्या भाकितावर पाणी सोडणे सोपे नव्हते. ते त्यांनी अर्धे का होईना केले, ही नोंद घेण्याजोगी बाब आहे. त्याच वर्षी अमेरिकेत ऑस्टिन फ्लिंट यांनी एडवर्ड पेसन वेस्टन या नामांकित चालपटूचे पाच दिवसांच्या सलग चालीत परीक्षण केले आणि त्याच्या शरीरातून बाहेर पडणारा नत्र वाढल्याचे सांगितले. वाद असा लगेच मिटला नाही.

१८ एप्रिल १८७३ रोजी म्युनिक येथे लीबिग यांचे निधन झाले. तेथील जुन्या दक्षिण दफनभूमीत त्यांची समाधी आहे.

सिद्धान्ताचे पुढे काय झाले

विसाव्या शतकाच्या आरंभी येल विद्यापीठातील रसेल चिटेंडन यांनी सैनिक आणि विद्यापीठातील कसलेले खेळाडू यांना कित्येक महिने कमी प्रथिनाच्या आहारावर ठेवले. १९०४ मध्ये प्रसिद्ध झालेल्या त्यांच्या ग्रंथानुसार त्यांची ताकद घटण्याऐवजी वाढली. त्यांच्या निष्कर्षांवर पुढे टीकाही झाली, पण श्रम म्हणजे मांसाहार हे समीकरण त्यामुळे सैल झाले. दीर्घकाळ चालणाऱ्या व्यायामात स्नायू प्रामुख्याने ग्लायकोजेन व चरबी वापरतात, हे नंतरच्या संशोधनाने पक्के झाले.

तरीही प्रथिनाचा वाटा शून्य नाही. लांब पल्ल्याच्या धावण्यात अमिनो आम्लांपासून एकूण ऊर्जेचा साधारण वीसावा हिस्सा येतो आणि ग्लायकोजेन संपत आले की तो काहीसा वाढतो. ल्युसिन, आयसोल्युसिन व व्हॅलिन ही शाखायुक्त अमिनो आम्ले स्नायू प्रत्यक्ष जाळू शकतात. याच आधारावर ही आम्ले धावपटू व सायकलपटूंना पूरक म्हणून विकली जातात. पुरेसा आहार घेणाऱ्या प्रशिक्षित खेळाडूंमध्ये त्यांमुळे दमश्वास सातत्याने वाढल्याचे प्रयोगांत दिसलेले नाही. सरावानंतर स्नायूंच्या डागडुजीसाठी प्रथिन लागतेच, आणि म्हणून सहनशक्तीच्या खेळाडूंना सर्वसामान्य माणसापेक्षा काहीसे जास्त, म्हणजे वजनाच्या दर किलोमागे दिवसाला १.२ ग्रॅम किंवा त्याहून अधिक प्रथिन सुचवले जाते. घडणीसाठी प्रथिन आणि जळणासाठी इतर अन्न, ही लीबिग यांची मूळ विभागणी येथे बऱ्याच अंशी टिकून आहे. फक्त जळणाच्या बाजूला त्यांनी उष्णतेबरोबर स्नायूंचे कामही मांडायला हवे होते.

क्रिएटिनचे नशीब वेगळे निघाले. १९२० च्या दशकात फॉस्फोक्रिएटिन सापडले व क्रिएटिनचे स्नायूंतील कार्य उलगडू लागले. तोंडावाटे घेतलेल्या क्रिएटिनने स्नायूंतील साठा वाढतो हे १९९२ मध्ये दाखवण्यात आले आणि तेव्हापासून ते जगातील सर्वाधिक खपाच्या क्रीडापूरकांपैकी एक झाले. त्याचा लाभ मुख्यतः थोड्या वेळाच्या, पुनःपुन्हा केलेल्या जोरकस श्रमांत दिसतो. तासन्‌तास चालणाऱ्या श्रमात तो फारसा आढळत नाही. लीबिग यांचा कोल्हा मात्र लांब पाठलागात धावला होता.

गीसेनच्या विद्यापीठाला आज त्यांचे नाव आहे. त्यांच्या जुन्या प्रयोगशाळेत १९२० पासून संग्रहालय आहे. फ्राय बेंटोस येथील बंद पडलेल्या कारखान्याच्या परिसराचा २०१५ मध्ये युनेस्कोच्या जागतिक वारसा यादीत समावेश झाला.